काठमांडूत पहिल्यांदा उतरताना: पहिल्या तीन दिवसांची वाट

काठमांडू मराठी माणसाला जरा जास्तच लवकर ओळखीचं वाटतं. दुकानांच्या पाट्या देवनागरीत, टॅक्सीवाल्याला हिंदी कळतं, रस्त्यावर मारुती-सुझुकीच्या गाड्या, गल्लीच्या तोंडाशी शेंदूर माखलेला गणपती. त्यामुळे आपण परदेशात आलोय हे लक्षातच राहत नाही आणि नेमकं तिथेच फसायला होतं. पैसे, ओळखपत्र, घड्याळ, सुट्टीचा वार, ताटातलं मांस, सगळंच आपल्यापेक्षा थोडंथोडं वेगळं आहे. हे वेगळेपण आधीच माहीत असलं तर पहिले तीन दिवस निवांत जातात.

निघण्यापूर्वी: कागद

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ स्वरूपात हवं. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना चालतं. म्हणजे एकाच कुटुंबातले आजोबा आधारवर जाऊ शकतात आणि त्यांचा चाळिशीतला मुलगा काउंटरवर अडकू शकतो. मतदार ओळखपत्रावरचा फोटो पुसट झाला असेल तर वाद घालत बसण्यापेक्षा पासपोर्ट न्या. दर्शनी स्थळांच्या तिकीट खिडकीवरही तोच उपयोगी पडतो, कारण सार्क देशांच्या नागरिकांना बऱ्याच ठिकाणी इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा कमी तिकीट असतं. न विचारता पूर्ण दर देऊन मोकळं होऊ नका.

दिल्लीहून विमान असेल तर जाताना डावीकडची खिडकी घ्या, येताना उजवीकडची. हवा स्वच्छ असली तर बर्फाची रांग बराच वेळ सोबत असते. हे आत्ताच सांगतोय, कारण शहरात उतरल्यावर ती दिसेलच असं नाही.

पैसे: 'आयसी की एनसी?'

भारतीय १ रुपया म्हणजे नेपाळी १ रुपया ६० पैसे. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे रोज भाव बघायची गरज नाही. नेपाळी रक्कम ८ ने भागायची आणि ५ ने गुणायची, की आपले रुपये आले. ८०० ला ८ ने भागलं की १००, गुणिले ५ की ५००.

बाजारात भारतीय रुपयाला 'आयसी' म्हणतात आणि नेपाळी रुपयाला 'एनसी'. भाव ठरवताना हा प्रश्न तुम्ही आधी विचारा, कारण चेहऱ्यावरून तुम्ही भारतीय आहात हे दुकानदाराने ओळखलेलं असतं. तो 'आठशे' म्हणाला आणि तुम्ही भारतीय आठशे पुढे केले, तर पाचशेच्या वस्तूचे तुम्ही आठशे दिलेत. त्याने खोटं काहीच सांगितलेलं नसतं.

शंभरच्या भारतीय नोटा बऱ्याच दुकानांत चालतात. त्याहून मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळमध्ये अनेक वर्षं निर्बंध राहिले आहेत आणि ते नियम बदलतही असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात बँकेत खात्री करा. २०२४ पासून भारतीय यूपीआयने नेपाळमधल्या अनेक दुकानांत क्यूआर स्कॅन करून पैसे देता येतात. तिथला लाल 'फोनपे'चा क्यूआर म्हणजे आपली फोनपे नव्हे, ती नेपाळची वेगळी कंपनी. पण यूपीआय बहुतेक त्यांच्याच क्यूआरवर चालतं. भाजीवाली, मायक्रोबस, देवळाबाहेरचा चपलांचा रखवालदार यांच्यासाठी दहा-वीसच्या नेपाळी नोटा खिशात हव्यातच.

घड्याळ आणि कॅलेंडर

नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. इतक्याशा फरकाने काय होतंय असं वाटतं, पण परतीच्या विमानाच्या दिवशी घड्याळ भारतीय वेळेवरच राहिलं तर ती १५ मिनिटं फार महाग पडतात.

नेपाळची आठवड्याची सुट्टी शनिवारची. शनिवारी देवळांत स्थानिकांची गर्दी उसळते, म्हणून पशुपतिनाथाचं दर्शन त्या दिवशी ठेवू नका. सरकारी कागदांवर आणि वर्तमानपत्रांवर विक्रम संवत छापलेलं असतं, ते इसवी सनाच्या जवळपास ५७ वर्षं पुढे. कुणी '७२ सालचा भूकंप' म्हणालं तर २५ एप्रिल २०१५ चा, ७.८ तीव्रतेचा भूकंप समजायचं. शहरातल्या कितीतरी गोष्टी लोक अजून त्याच्या आधी आणि नंतर अशाच सांगतात.

मुक्काम कुठे

विमानतळ शहराला लागूनच आहे. बाहेर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर असतो, पहिल्यांदा तिथूनच जा. एरवी टॅक्सीवाले मीटर टाकायला सहसा राजी नसतात. पाठाओ किंवा इनड्राइव्ह अ‍ॅप फोनमध्ये असेल तर निदान रास्त भाडं किती ते कळतं, मग घासाघीस करायला बळ येतं.

नवखे सगळे ठमेलमध्ये उतरतात. ट्रेकिंगचं सामान, पैसे बदलून देणारे, कॉफी आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. सोयीचं आहे, पण ऐन मध्यात खोली घेतलीत तर झोपेचं खोबरं होईल. ठमेलच्या दक्षिण टोकाला छेत्रपाटीच्या आसपास राहा. जुनं शहर तिथून पायी गाठता येतं. आई-वडील सोबत असतील तर बौद्धनाथच्या परिसराचा विचार करा, संध्याकाळी खोलीतून उतरून स्तूपाभोवती फिरता येतं. आणि दुसऱ्यांदा जाणाऱ्यांनी सरळ बागमती नदीपलीकडच्या पाटणला राहावं.

पहिली सकाळ: ठमेल ते हनुमान ढोका, पायी

पहिल्या दिवशी गाडी करून 'सात पॉइंट' उरकायचे नाहीत. सकाळी सातला बाहेर पडा. सरळ चाललात तर हे अंतर अर्ध्या तासाचंसुद्धा नाही, पण दुपारपर्यंतचा वेळ हाताशी ठेवा. ही भारत आणि तिबेटमधल्या जुन्या व्यापाराची वाट. तिरकी, अरुंद, आणि दर शंभर पावलांवर देऊळ.

ठमेलमधून दक्षिणेला थहिटी चौक लागतो. तिथून पुढे एका कमानीतून आत गेलं की काठेसिंभू स्तूप. टेकडीवरच्या स्वयंभू स्तूपाची ही धाकटी प्रतिकृती. ज्यांना चढणं जमत नाही त्यांना इथेच तेवढं पुण्य मिळतं, अशी श्रद्धा आहे. आत मुलं फुटबॉल खेळत असतात आणि कबुतरांवर कुत्री भुंकत असतात.

पुढे बांगेमुढाला डाव्या-उजव्या भिंतींकडे नीट लक्ष ठेवून चाला, नाहीतर वैश्यदेव चुकतो. भिंतीला टेकवलेला लाकडाचा एक ओबडधोबड ओंडका आहे. त्यावर इतकी नाणी खिळ्यांनी ठोकलेली आहेत की लाकूड दिसतच नाही; गंजून, एकमेकांवर चढून त्यांचा एकच काळपट गोळा झालाय. मधे एक छोटी पोकळी, त्यात देव. दात दुखला की इथे नाणं ठोकायचं. आणि आजूबाजूला बघाल तर दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या, काचेत मांडलेल्या कवळ्या. देवाचा गुण आला नाही तर समोरच सोय.

त्यानंतर असन. सहा रस्ते एका चौकात येतात आणि सगळे भरलेले. अन्नपूर्णेच्या देवळात देवीची मूर्ती नाही, चांदीचा पूर्णकलश आहे. येणारा-जाणारा घंटा वाजवून, कपाळाला हात लावून पुढे सरकतो, तोवर मागचा धक्का देतो. भोवती तमालपत्राचे भारे, सुकी मासळी, सुकवलेलं चीज, पितळी समया, पूजेचं सामान. इथे फोटो काढायला थांबायचं असेल तर देवळाच्या कट्ट्यावर चढा. चौकाच्या मधोमध थांबलात तर पाठीवर पोतं घेतलेला भारवाहक तुम्हाला वळसा घालणार नाही, आणि घालायचं त्याला कारणही नाही. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

असनहून इंद्रचौकाकडे जाताना केल टोलला उजव्या हाताला एक दरवाजा दिसतो. आत जनबहाल, म्हणजे सेतो मच्छिंद्रनाथाचं आवार. आपल्या नवनाथांतले मच्छिंद्रनाथ इथे पांढऱ्या मुखवट्याचे, आणि बौद्ध त्यांनाच करुणामय अवलोकितेश्वर म्हणून पुजतात. एकाच दारात दोन्ही धर्मांचे लोक दिवे लावतात आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. चैत्रात त्यांचा रथ निघतो. पाटणच्या रातो, म्हणजे लाल मच्छिंद्रनाथाचा रथ त्यानंतर वैशाखात.

इंद्रचौकात आकाशभैरव वरच्या मजल्यावर आहेत. त्यांच्या समोरच्या बोळात पोत्यांचा बाजार आहे. पोते म्हणजे बारीक काचमण्यांच्या माळा, लग्न झालेल्या बायका घालतात. पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम व्यापारी हा धंदा करत आलेत. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ते मणी इतक्या झटपट गुंफतात की पाहतच राहावं. नेपाळहून काही आणायचंच असेल तर ठमेलच्या शालीपेक्षा इथली एक माळ बरी.

तिथून मखन टोलमार्गे हनुमान ढोका दरबारचा चौक. उंच चौथऱ्यावर तलेजू भवानीचं देऊळ, १५६४ सालचं. मल्ल राजांचं हे आराध्यदैवत. तुळजाभवानीशी तिचं नातं जोडणारे अभ्यासक आहेत. सर्वसामान्यांसाठी ते वर्षातून एकदाच, दसैंच्या (तिकडच्या नवरात्र-दसऱ्याच्या) नवमीला उघडतं, त्यामुळे एरवी बाहेरूनच हात जोडा. राजवाड्याच्या दाराशी प्रताप मल्लाने १६७२ मध्ये बसवलेला मारुती आहे. त्यावर शेंदराचा एवढा थर चढलाय की नाक-डोळे शिल्लकच नाहीत, वर लाल वस्त्र आणि छत्री. पलीकडे काळभैरवाची भली मोठी शिळा. पूर्वी इथे उभं करून लोकांना शपथ घ्यायला लावत. ज्या लाकडी मंडपावरून शहराचं नाव पडलं तो काष्ठमंडप २०१५ ला जमीनदोस्त झाला होता, आता तो जुन्याच पद्धतीने पुन्हा उभा आहे.

कुमारी म्हणजे जिवंत देवी मानून पुजली जाणारी लहान मुलगी. तिच्या घराच्या अंगणात जाता येतं. ती खिडकीत आली तर नमस्कार करा, कॅमेरा खाली. मालेगाव-नाशिकचा असो वा न्यूयॉर्कचा, कुणालाही यातून सूट नाही.

चौकात 'गाइड आहे' म्हणत चिकटणारे भेटतील. ओळखपत्र बघा, आधी रक्कम ठरवा, आयसी की एनसी तेही ठरवा. ठमेलमध्ये बाळासाठी दुधाचा डबा मागणाऱ्या बाईला दुकानात नेऊ नका, तो डबा संध्याकाळी परत त्याच दुकानात जातो.

रस्ता ओलांडणं आणि गाड्या

२०१७ पासून शहरात विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा सुखद धक्का असतो, पण त्याचा एक तोटा आहे: मागून येणारी मोटरसायकल ऐकू येत नाही, आणि जुन्या शहरातल्या गल्ल्यांत त्या सर्रास घुसतात. भिंतीच्या कडेने चाला. रत्नपार्कसारख्या ठिकाणी 'आकाशे पुल' म्हणजे पादचारी पूल आहेत, मुकाट्याने वापरा. मास्क जवळ असू द्या; कोरड्या महिन्यांत धूळ भयंकर.

स्वस्तात फिरायचं तर हिरव्या साझा बस, मायक्रोबस आणि विजेवर चालणारे सफा टेम्पो. सफा टेम्पो बरेचदा बायका चालवतात. पाटी देवनागरीत असल्याने आपल्याला वाचता येते, हा इतर परदेशी पाहुण्यांना नसलेला फायदा. मायक्रोत बसण्याआधी दारातल्या पोराला ठिकाण विचारा, पैसे उतरताना द्या.

बोलताना मोठ्या पुरुषाला 'दाइ', बाईला 'दिदी', लहानांना 'भाइ' आणि 'बहिनी'. 'कति हो?' म्हणजे केवढ्याला. हिंदीत बोललात तर चालतं, पण 'यहाँ हिंदी नहीं आती क्या' या सुरात नको. 'बहादूर' म्हणून हाक मारणं तर नकोच नको. आणि 'हे तर आपल्यासारखंच आहे' हे वाक्य कौतुक म्हणूनही जपून वापरा. समोरच्याला ते कौतुक वाटतंच असं नाही.

दुसरा दिवस: पशुपतिनाथ, मग बौद्धनाथ

सकाळी लवकर पशुपतिनाथ. कातडी पट्टा, पाकीट, पर्स आत चालत नाही. कापडी पिशवी न्या. मुख्य आवारात फक्त हिंदूंना प्रवेश आहे आणि फोटोला मनाई. समोर प्रचंड नंदी आहे, दर्शनापूर्वी नजर त्याच्याच पाठीवर जाते. पूजा करणारे भट्ट मूळचे कर्नाटकातले असण्याची परंपरा आहे. दुपारी गाभारा बंद असतो, तेव्हा अकराला पोहोचून नशिबाला दोष देऊ नका.

मंदिराला लागून बागमतीच्या काठावर चिता जळत असतात. पलीकडच्या काठावरच्या पायऱ्यांवर शांत बसता येतं. मोबाइल पुढे करून शूटिंग करणारे असतात, त्यात आपली भर नको. भस्म फासलेले साधू फोटोसाठी पैसे घेतात. बाहेर रुद्राक्षवाले 'एकमुखी' दाखवतील, भाव ऐकून खरं-खोटं पारखायची तुमची तयारी नसेल तर पंचमुखीची साधी माळ घेऊन निघा.

यात्रा कंपनीची बस इथून थेट जेवणाला नेते. स्वतः फिरणाऱ्यांनी मात्र पलीकडच्या पायऱ्या चढून मृगस्थळीवर जावं. झाडी, माकडं, ओळीने शिवालयं आणि गोरखनाथाचं देऊळ. पलीकडे उतरलं की गुह्येश्वरी, आणि तिथून विचारत विचारत अर्ध्या-पाऊण तासात बौद्धनाथ. माकडांसमोर खाऊची पुडी काढू नका.

बौद्धनाथचा स्तूप सुमारे ३६ मीटर उंच आहे. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, स्तूप उजव्या हाताला ठेवून. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी लोकांची वस्ती भोवती आहे. पाच वाजल्यानंतर आसपासचे म्हातारे-कोतारे, शाळा सुटलेली पोरं, कुत्र्याला घेऊन आलेले, सगळे एकाच दिशेने फिरत असतात. तुम्हीही फिरा. गच्चीवरच्या कॅफेतून चहा घेत बघण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं, चहा त्यानंतर.

खाणं

मोमो सगळीकडे मिळतात. यादीत 'बफ' लिहिलेलं असेल तर ते म्हशीचं मांस. गाय नेपाळचा राष्ट्रीय प्राणी आहे, तिच्या हत्येला बंदी आहे. म्हैस मात्र रोजच्या जेवणात. शाकाहारी असाल तर व्हेज मोमोचं भांडं वेगळं असतं का आणि झोल मोमोच्या रश्श्यात काय आहे, हे दोन्ही विचारा. नुसतं 'व्हेज है ना' पुरत नाही.

दालभात सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री जेवायची तिकडची पद्धत. थकाली थाळीत भात, डाळ, साग, गुंद्रुक (आंबवून सुकवलेली पालेभाजी), लोणचं येतं आणि भात-डाळ पुन्हा वाढतात. दुपारच्या खाण्याला खाजा म्हणतात. नेवार म्हणजे काठमांडू खोऱ्यातले मूळ रहिवासी. त्यांच्या समय बजी नावाच्या ताटात चिउरा असतो, आपल्या पातळ पोह्यांसारखा, पण कोरडाच. फोडणी आणि कांद्याची वाट बघू नका. उडदाचा किंवा मुगाचा 'बारा' नावाचा जाडसर धिरड्यासारखा पदार्थ शाकाहारींच्या मदतीला धावून येतो. नळाचं पाणी कुठेही पिऊ नका, हॉटेलातला जार उघडा असेल तर तोही नको.

तिसरा दिवस: पाटण किंवा भक्तपूर, दोन्ही नाही

दोन्ही एका दिवसात उरकणारे टूरवाले आहेत. मी तसं करू नका म्हणेन. पाटण बागमतीपलीकडे, जवळच. टॅक्सीवाल्याला 'मंगलबजार' सांगा. दगडी कृष्णमंदिर १६३७ सालचं आहे. राजवाड्यातलं संग्रहालय बघायला दोन तास तरी हवेत. मूर्ती कशी घडते, मुद्रा कशा ओळखायच्या हे तिथे इतकं उलगडून मांडलंय की नंतर शहरातली साधी मूर्तीही वेगळी दिसते. भक्तपूर पूर्वेला सुमारे १३ किलोमीटरवर, बागबजारहून बस मिळते. पाच मजल्यांचं न्यातपोल १७०२ चं, भूकंपातही टिकलं. मातीच्या गाडग्यात लावलेलं जुजु धौ हे दही तिथेच खा. संध्याकाळी टूरच्या बसगाड्या गेल्यावर गाव खरं दिसतं, म्हणून जमलं तर रात्री तिथेच राहा.

स्वयंभू या दोहोंत बसत नाही. ३६५ पायऱ्या आहेत; एखाद्या दिवशी पहाटे, न्याहारीआधी चढा.

आणि हिमालय?

काठमांडू १४०० मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास महाबळेश्वरएवढ्याच उंचीवर. दम लागत नाही, उंचीचा त्रास होत नाही, आणि गच्चीत उभं राहिलं की शिखरं दिसतील ही अपेक्षाही बरेचदा फसते. शहर डोंगरांच्या खोलगट खोऱ्यात आहे, धूर आणि धूळ तिथेच साठते. मार्च-एप्रिलात वणव्यांच्या धुराने आकाश राखाडी होतं, जूनपासून पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या धुक्याने विमानं लांबतात. शिखरांसाठी नगरकोटला मुक्काम करा किंवा चंद्रागिरीचा रोपवे घ्या, तोही सकाळी.

दिवाळीच्या सुट्टीत जात असाल तर तुम्हाला तिहार मिळेल. एका दिवशी कुत्र्यांना हार घालतात, रस्त्यावरच्या भटक्यांनाही. आपल्या पाडव्याला नेवारांचं नवं वर्ष, नेपाळ संवत, सुरू होतं. दसैंच्या, म्हणजे नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांत मात्र लोक गावी जातात, दुकानं बंद असतात. तेव्हा शहर बघायला जाऊ नका.

निघण्याच्या आदल्या दिवशी उरलेल्या नेपाळी नोटा ठमेलमध्येच बदलून घ्या, भारतात त्या बदलणं कटकटीचं आहे. विमानतळावर दोन-तीनदा तपासणी होते, रांगा लांब असतात. तीन तास आधी पोहोचा, नेपाळच्या घड्याळाने.